ग्रहणातला चहा

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. त्या दुपारी माझ्या बायकोने पाण्याचा घोट घेतला नाही. तिला सातवा महिना होता. आईने तिला आतल्या खोलीत चटईवर सरळ निजवलं होतं. कूस बदलायची नाही, हाताची मूठ करायची नाही, विळीकडे तर बघायचंही नाही. काही चिरलं तर पोराचा ओठ फाटका निघतो, ही भीती. मी पहिल्या पाळीला होतो. साडेतीनच्या सुमाराला कारखान्याच्या गेटबाहेर आलो तर कोलशेत रोडवर चिटपाखरू नव्हतं. उजेड विचित्र झाला होता, भरदुपारी तिन्हीसांजेसारखा. गेटजवळ चिंचेचं झाड होतं. त्याच्या सावलीत जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पडल्या होत्या. पानांच्या फटीफटींतून खाल्लेला सूर्य खाली उतरला होता. मी आणि गेटवरचा पहारेकरी, दोघंच ते बघत उभे होतो.

घरी गेलो तर आईने उंबऱ्यावरच अडवलं. आंघोळीशिवाय आत पाऊल नाही. मला तिला सांगायचं होतं की मी चिंचेखाली काय पाहिलं. बायकोला पाणी द्या, असंही सांगायचं होतं. मी मॅट्रिक झालेला, रसायनांच्या कारखान्यात काम करणारा माणूस, पण माझ्याकडे त्या दोन गोष्टींसाठी शब्द नव्हते. मी गुपचूप आंघोळीला गेलो.

२२ जुलै २००९, बुधवार. पुन्हा ग्रहण, या वेळी सूर्योदयाच्या वेळेला. या वेळी सून गरोदर होती. आभाळ गच्च भरलेलं, सूर्य काही दिसला नाही. सहाला माझी बायको उठली, आलं ठेचून चहा ठेवला आणि ग्रहण चालू असताना सुनेच्या हातात कप आणि दोन खाऱ्या दिल्या. शेजारच्या म्हातारीने खिडकीतून विचारलं, अगं, आत्ता? बायको म्हणाली, "पोटातल्या पोराला भूक कलते, ग्रहन नाय कलत."

२०२६च्या २४ एप्रिलला मराठी विज्ञान परिषदेला साठ वर्षं पूर्ण होतात. अशा वेळी संस्थांच्या कामाचे हिशेब मांडले जातात: इतकी व्याख्यानं, इतके विभाग, इतकी पुस्तकं. ते मांडायलाच हवेत. पण माझ्यापुरता हिशेब त्या चहाच्या कपात आहे. १९८० ते २००९, एकोणतीस वर्षं. एकाच घरात, एकाच बाईच्या हातून हे झालं. कोणी कायदा केला म्हणून तो चहा झाला नाही, कोणी रागावलं म्हणूनही नाही. मराठीतून विज्ञान सांगणाऱ्या माणसांनी ही वर्षं चिकाटीने काम केलं, त्याचं ते फळ आहे. आणि आता ते काम आमच्या कोलशेतपर्यंत पोहोचेनासं झालं आहे, म्हणून हा लेख लिहायला बसलो.

मी ठाण्याच्या कोलशेत गावठाणातला कोळी. माझा बापूस खाडीत पाग टाकायचा, ओहोटीला चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या धरायचा. घड्याळ त्याच्याकडे नव्हतं, पंचांग होतं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की समुद्रावरच्या भरतीची वेळ मिळते. वसईच्या तोंडातून शिरलेलं पाणी आमच्या धक्क्यापर्यंत यायला वेळ लागतो, तो वर धरायचा. "पाचम हाय, पानी पाचच्या सुमाराला भरंल," असं तो म्हणायचा आणि पाचच्या सुमाराला भरायचं. अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याला जोर नाही, अमावास्या-पौर्णिमेला उधाण. हा हिशेब किनाऱ्यावरच्या कितीतरी पिढ्यांनी नजर ठेवून, चुकत, सुधारत तयार केला आहे. निरीक्षण, नियम, पडताळा. आमच्या माणसांना विज्ञान परकं होतं असं कोणी म्हणालं की मला म्हणून राग येतो. बापसाला किती वाजता ते ठाऊक होतं. का, ते ठाऊक नव्हतं. चंद्र आणि सूर्य एका रेषेत आले की दोघांची ओढ एकत्र होते आणि उधाण येतं, अष्टमीला ती काटकोनात येते म्हणून भांग, हे मला फार उशिरा, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून कळलं. घरी येऊन त्याला सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मग रोज पाऊण तास का सरकतं ते पण लिवलं असंल. लिहिलेलं होतं. चंद्र रोज तेवढ्या उशिराने उगवतो. त्या रात्री आम्ही दोघं धक्क्यावर बसून चंद्र उगवायची वाट बघत होतो. बापलेकांमध्ये इतकं बोलणं आधी कधी झालं नव्हतं.

पण याच बापसाने आपल्या बहिणीला भगताकडे नेलं होतं. १९६७चा श्रावण. आत्या जमिनीवर झोपली होती, रात्री काहीतरी चावलं. दुखलं नाही, सुजलं नाही, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. पहाटे पोटात कळा सुरू झाल्या, मग पापण्या मिटायला लागल्या. आज मला माहीत आहे की ही मण्यारची खूण आहे. मण्यार रात्री चावते, जखम जवळजवळ दिसत नाही, आणि तिचं विष नसांचं काम थांबवत श्वासापर्यंत जातं. भगताने कडुनिंबाचा पाला चावायला दिला. कडू लागला म्हणजे विष नाही. आत्याला कडू लागला. दोरा बांधला, राख लावली. दुपारच्या आत ती गेली. त्या वेळी परळच्या हाफकिन संस्थेत घोड्याच्या रक्तापासून सापाच्या विषावरची लस तयार होत होती. आगगाडीने तासाभराचं अंतर. भगताला मी वाईट म्हणत नाही. त्याला जे येत होतं ते त्याने केलं, पैसेही घेतले नाहीत. पण परळ आणि कोलशेत यांच्या मधली वाट कोणी बांधलीच नव्हती. ज्यांना माहीत होतं त्यांची भाषा एक, ज्यांना गरज होती त्यांची दुसरी.

ती वाट बांधण्याचं काम ज्यांनी हातात घेतलं, त्यांत मराठी विज्ञान परिषद अग्रणी. तिच्याही आधी लोक होते. पुण्यात गो. रा. परांजपे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ साली ‘सृष्टिज्ञान’ मासिक सुरू केलं होतं. कोलकात्यात रामन यांना त्यांचा शोध लागला, तेच हे वर्ष. पण लोकांची म्हणून एक संघटना असावी, तिचे गावोगाव विभाग असावेत, ही कल्पना मुंबईत १९६६ साली म. ना. गोगटे या अभियंत्याच्या पुढाकाराने प्रत्यक्षात आली. केरळात चार वर्षं आधी केरळ शास्त्रसाहित्य परिषद स्थापन झाली होती, तीही मल्याळममधून विज्ञान लिहिण्यासाठीच. मराठी विज्ञान परिषदेने स्थापनेच्या पुढच्या वर्षीच आपली पत्रिका काढली. दरवर्षी वेगळ्या गावात अधिवेशन भरवायचं असं ठरवलं. चुनाभट्टीला विज्ञान भवन उभं राहिलं. अ. पां. देशपांडे यांच्यासारख्या कार्यवाहांनी वर्षानुवर्षं पदरमोड करून, पत्रं लिहून, माणसं जोडून हा गाडा ओढला. वर्तमानपत्रातलं ‘कुतूहल’ हे रोजचं छोटं सदर परिषदेच्याच माणसांनी चालवलं. आमच्या कॅन्टीनमध्ये ते मोठ्याने वाचलं जायचं. गच्चीवर उसाचं चिपाड आणि पालापाचोळा वापरून भाजी पिकवायला लोकांना शिकवलं तेही परिषदेनेच.

विज्ञानकथेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगतो, कारण त्यात मला सगळ्यात जास्त काय आवडतं ते वेगळं आहे. परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घ्यायची. १९७४ साली तिथे ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली आणि पहिली ठरली. लेखक होते जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाला बक्षीस मिळू नये, कथेला मिळावं, म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी केली होती, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या प्रकाराची दखल घेतली. आणि २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष स्वतः नारळीकर होते. मला आवडतं ते हे, की केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्यासोबत गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडणारा माणूस एका मराठी संस्थेच्या स्पर्धेत इतरांच्या बरोबरीने, नाव लपवून उतरतो. मराठीत विज्ञान लिहिणं हे त्याला कमीपणाचं वाटलं नाही. २० मे २०२५ला ते गेले तेव्हा आमच्या गावठाणातल्या चार जुन्या माणसांनी देवळासमोर उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळली. त्यांतले तिघं कधी काळी रसायनांच्या रिॲक्टरवर काम करायचे.

रिॲक्टरवर काम करणाऱ्या माणसाला कृष्णविवराचं काय, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर द्यायला मला कारखान्यातली एक गोष्ट सांगावी लागेल.

मी १९७४ला हेल्पर म्हणून लागलो, पुढे ऑपरेटर झालो. रंगांसाठी लागणारी रसायनं बनायची. ड्रमवरची अक्षरं इंग्रजी, वेसलवरच्या पाट्या इंग्रजी. आम्ही रसायनं रंगावरून, वासावरून आणि कोणाला काय झालं होतं त्यावरून ओळखायचो. १९७८च्या पावसाळ्यात एका रात्री नायट्रेशनच्या वेसलमधून तांबूस-पिवळा धूर सुटला. माझ्या पाळीतला सोबती तिथे होता. थोडा खोकला, डोळ्यांवर पाणी मारलं, म्हणाला बरा आहे. पाळी संपवून घरी गेला, जेवला, झोपला. संध्याकाळी तोंडाला फेस येईपर्यंत दम लागला. तीन आठवडे दवाखान्यात काढून तो जगला, पण पुन्हा जिना चढू शकला नाही. गावात बोलणं झालं की रात्री वाटेत त्याला काहीतरी लागलं असणार. त्याच्या आईने नारळ उतरवून टाकला.

मला ते पटत नव्हतं आणि दुसरं काही सुचतही नव्हतं. महिन्या-दोन महिन्यांनी ठाण्यात रसायनशास्त्रावर एक मराठी व्याख्यान होतं, मी ड्यूटी बदलून गेलो. संपल्यावर वक्त्यांजवळ गेलो आणि विचारलं, साहेब, माणूस बारा तास बरा असतो आणि मग गुदमरतो, असं कसं? ते वयस्कर प्राध्यापक होते. त्यांनी व्याख्यानाच्या हँडबिलाच्या मागे दोन फुगे काढले. अमोनियासारखा वायू पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून तो नाकात-घशातच झोंबतो आणि माणूस पळून जातो. नायट्रोजनचे हे ऑक्साइड तितकेसे विरघळत नाहीत. ते न झोंबता खोल जातात, फुफ्फुसाच्या फुग्यांपर्यंत. तिथे सावकाश आम्ल होतं, फुग्यांची भिंत झिरपायला लागते आणि काही तासांनी आत पाणी भरतं. "असा धूर ज्याच्या छातीत गेला त्याला बरं वाटत असलं तरी घरी सोडू नका. दिवसभर नजरेखाली ठेवा," ते म्हणाले. विद्राव्य, आम्ल, झिरपणं: सगळे शब्द मला शाळेपासून ठाऊक होते. ते माझ्या कामावर असे लावता येतात हे ठाऊक नव्हतं.

१९९१ साली पुन्हा तोच धूर सुटला. या वेळी भिवंडीकडचा एक पोरगा, लागून वर्ष झालेला. तोही म्हणाला, बरा आहे, जातो घरी, काका. मी त्याला जाऊ दिलं नाही. सुपरवायझरशी वाद झाला, पण मी तो पोरगा डिस्पेन्सरीतून हलू दिला नाही. रात्री दोनला त्याचा श्वास वाढला आणि अडीचला तो ऑक्सिजनवर होता. तो आज नातवंडांचा आजोबा आहे. ते हँडबिल माझ्याकडे अजून आहे.

मधल्या काळात भोपाळची वायुगळती घडली होती. २ डिसेंबर १९८४ची ती रात्र. त्यानंतर आमच्या पट्ट्यातला प्रत्येक कामगार एकमेकांना विचारत होता, आपल्या टाकीत काय आहे? १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याच्या प्रक्रियेची माहिती कामगारांना देणं मालकांवर बंधनकारक झालं. त्याच वर्षी देशभरातल्या लोकविज्ञान संघटनांनी पाच दिशांनी जनविज्ञान जथे काढले, ते ७ नोव्हेंबरला भोपाळला पोहोचले. महाराष्ट्रात लोकविज्ञान संघटना यात पुढे होती. कायद्याने माहिती द्यायला लावली, पण कोणत्या भाषेत? आमच्या युनियनने मराठी पाट्यांचा हट्ट धरला. किती वाद झाले! शेवटी ‘जळणारे’, ‘पाण्याशी भेट होऊ देऊ नका’, ‘श्वासात गेल्यास घरी जाऊ नका’ अशा पाट्या लागल्या. तिसरी पाटी माझ्या अक्षरातली होती. विज्ञानाचा प्रसार हे रविवारच्या रिकाम्या वेळेचं काम आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती पाटी डोळ्यांसमोर आणावी.

दुसऱ्या बाजूने अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम आमच्यापर्यंत आलं, आणि घरातल्या बायकांपर्यंत आधी तेच पोहोचलं. नरेंद्र दाभोलकरांचं नाव आम्ही समितीच्या आधीपासून ऐकून होतो, कारण ते साताऱ्याचे कबड्डीपटू, शिवछत्रपती पुरस्कार मिळालेले. आमच्या आगरी-कोळी गावांत कबड्डीवाल्याला मान असतो. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. पुढे आमच्याकडे देवळासमोर कार्यकर्त्यांनी प्रयोग दाखवले: नारळावर पाणी शिंपडलं की शेंडी पेटते, मंत्र म्हटला की होम आपोआप पेटतो. गर्दी अवाक. मला मात्र शेंडीत लपवलेला सोडियम आणि होमातलं परमँगनेट-ग्लिसरीन लगेच कळलं. रोज हाताळत होतो ना. कार्यकर्त्याने मलाच पुढे बोलावलं आणि म्हणाला, काका, तुम्हीच सांगा. मी आपल्या बोलीत सांगितलं. बायको पुढच्या रांगेत बसली होती. ती देवाला मानते, आजही मानते. समितीच्या माणसांनी तिला कधी देव सोड म्हटलं नाही. देवाच्या नावावर जो लुबाडतो त्याला विचारा, एवढंच म्हटलं. हा फरक तिने नेमका पकडला.

२१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध पितो म्हणून गावातल्या देवळापासून रस्त्यापर्यंत रांग लागली. मी दुसऱ्या पाळीला जायच्या आधी घरी काठोकाठ भरलेला चमचा घेतला आणि खलबत्त्याच्या बत्त्याला टेकवला. बत्ताही दूध प्यायला. बायको बघत राहिली. मग तिने स्वतः करून बघितलं, पाट्याच्या वरवंट्यावर, मग नळाच्या तोटीवर. शेवटी म्हणाली, याला काहीतरी शब्द असेल. पृष्ठताण, मी म्हटलं. सातवीतला शब्द, जन्मात पहिल्यांदा घरात उपयोगी पडला. महिन्याभराने, ऐन दिवाळीत, २४ ऑक्टोबरला सूर्यग्रहण होतं. शाळेच्या मैदानावर काळे चष्मे घेऊन मास्तर उभे होते. बायको स्वतःहून आली. पंधरा वर्षांपूर्वी चटईवर तहानलेली निजलेली तीच बाई डोळ्याला चष्मा लावून उभी होती. घरी जाताना ती फक्त एवढंच म्हणाली, मला उगाच निजवली होती. २००९चा चहा त्या दिवशीच उकळायला ठेवला गेला, असं मला वाटतं.

नारळीकर आणि समिती यांनी मिळून केलेली एक परीक्षा मी सगळ्यांना सांगतो. २००८ साली त्यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या, कुंडल्या मांडल्या आणि ज्योतिषांना आव्हान दिलं: कोणती कुंडली कोणत्या गटातली ते ओळखा. प्रत्येकाला चाळीस कुंडल्या. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली शेकडा ४६. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. कुणाचा अपमान नाही, आरडाओरडा नाही. तुमचं म्हणणं मोजून बघू या, एवढंच. माझ्या बापसाने भरती अशीच मोजली होती.

समितीने ज्यासाठी अठरा वर्षं पायपीट केली तो जादूटोणाविरोधी कायदा दाभोलकरांना बघायला मिळाला नाही. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात सकाळी फिरायला गेलेल्या त्या माणसाला पुलावर गोळ्या घातल्या. चार दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. दोन मारेकऱ्यांना जन्मठेप व्हायला मे २०२४ उजाडलं. मी तो कायदा मराठीत वाचला आहे. त्याच्या अनुसूचीत एक कलम आहे: साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा. मी ती ओळ वाचली आणि माझ्या आत्यासाठी सेहेचाळीस वर्षांनी रडलो.

आता आजचं सांगतो. ज्या कारखान्यात मी पाळ्या केल्या तिथे आता पस्तीस-चाळीस मजली इमारती आहेत. चिंच गेली. माझी नात, चहाच्या वेळी पोटात होती ती, तिथल्याच एका शाळेत इंग्रजीतून शिकली, आता अकरावीला विज्ञान घेतलं आहे. पोर हुशार आहे. मी तिला विचारलं, वरवंटा दूध का प्यायला? तिने इंग्रजीत झकास सांगितलं. मी म्हटलं, आता आजीला सांग. ती अडली. तिला ठाऊक होतं, पण ते स्वयंपाकघरापर्यंत नेता येत नव्हतं. १९८० साली उंबऱ्यावर मी जसा अडलो तशीच ती अडली. माझ्याकडे ज्ञान नव्हतं आणि शब्दही नव्हते. तिच्याकडे ज्ञान आहे. दोष तिचा नाही. आपण तिला विज्ञान दिलं आणि आजीशी बोलायची वाट काढून घेतली.

त्यात मोबाइलवरून नासाच्या नावाने काहीही खपतं, आणि ते मात्र अस्सल मराठीत असतं. खोटं आपल्या भाषेत आणि खरं परक्या भाषेत, अशी ही शर्यत आहे. विज्ञानाच्या व्याख्यानाला गेलो तर आजूबाजूला सगळी माझ्याच वयाची डोकी दिसतात. संस्थांच्या माणसांना माझं आदराने सांगणं आहे, सभागृहात आमची वाट बघू नका. बंदरावर या, सोसायटीच्या पार्किंगमध्ये या, मच्छी बाजारात या. ठाण्यात हे जमलेलं आहे. सुरेंद्र दिघे यांच्या ‘जिज्ञासा’ संस्थेने राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचं काम महाराष्ट्रभर नेलं. त्यात दहा ते सतरा वयाची मुलं आपल्याच गावातला प्रश्न घेतात, स्वतः मोजमाप करतात आणि आपल्या भाषेत मांडतात. कोलशेतच्या टॉवरमधली पोरं आणि गावठाणातली पोरं एका गटात बसवा. खाडीचं पाणी त्यांना तपासू द्या: त्यात ऑक्सिजन किती, निवट्या का कमी झाल्या, जिताडा कुठे गेला. कुठे आणि कधी पाग टाकायचा ते आमचे कोळी सांगतील, आकडे कसे काढायचे ते पोरं सांगतील.

त्यासाठी जागा लागते. कोलशेत रोडवर इतक्या इमारती उठल्या, त्यांच्यापोटी महापालिकेच्या हाती सुविधा भूखंड येतात. त्यांतला एक, अगदी लहान का असेना, मराठी विज्ञान केंद्राला द्यावा, ही माझी मागणी आहे. जलतरण तलाव आणि जॉगिंग ट्रॅक हवेत, पण दोन खोल्या, एक दुर्बीण, पाणी तपासायची चार भांडी आणि बाहेर एक फळा एवढंही हवं. त्या फळ्यावर रोज मराठीत लिहावं, आज खाडीच्या पाण्यात काय आहे आणि हवेत काय आहे. कारखाने गेले म्हणून आपल्या टाकीत काय आहे, हे विचारायचा आमचा हक्क गेलेला नाही. केंद्र चालवायला परिषद, जिज्ञासा, समिती यांच्याकडे माणसं आहेत, आणि गावठाणात आम्ही आहोत. मी स्वतः रोज दोन तास बसेन.

२ ऑगस्ट २०२७ला सोमवारी सूर्यग्रहण आहे. आपल्याकडे खंडग्रास, दुपारी उशिरा. दीप अमावास्येचा दिवस, ऐन पावसाळा, दिसेल की नाही सांगता येत नाही. तरी देवळाच्या विश्वस्तांशी बोलून ठेवलं आहे: धक्क्यावर काळे चष्मे वाटायचे, पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून कोरी दाखवायच्या, आणि समजावून सांगायचं काम नातीचं. मराठीतून. ती आत्तापासून आजीसमोर सराव करते आहे. आजीला कळलं नाही की पुन्हा सुरुवात करावी लागते. गरोदर बाया आल्या तर बसायला खुर्च्या ठेवू आणि चहा ठेवू, तो बायको करणार आहे. अमावास्येची पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा, वर आपल्या खाडीचे सव्वा तास. म्हणजे साडेबाराच्या सुमाराला उधाणाचं पाणी भरेल आणि ग्रहण लागेल तेव्हा ते ओसरत असेल. धक्क्याच्या खालच्या पायऱ्या तेव्हा निसरड्या असतात. येणाऱ्यांनी वरच थांबावं.